झटके मानसिक कारणांमुळे येतात, हे घरच्यांना कसे समजवावे?

प्रश्न (तासगाव): माझ्या वहिनीला बऱ्याच काळापासून झटके येतात आणि अपस्माराच्या गोळ्या वाढवत नेऊनही ते थांबले नाहीत. अलीकडे मिरजेत व्हिडिओ ईईजी (रुग्णाचे चित्रण करत मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख काढणारी तपासणी) चालू असताना तिला नेहमीसारखाच झटका आला, परंतु मेंदूच्या आलेखात अपस्माराची खूण उमटली नाही, म्हणून हे झटके मानसिक कारणांमुळे येत असल्याचे निदान झाले. घरी मात्र ‘हिला काहीच झालेले नाही’ एवढाच अर्थ घेतला गेला. आई म्हणते, नाटक आहे. वडील देवऋष्याकडे न्यायचे म्हणतात. वहिनी कोणाशीच बोलत नाही.

उत्तर (मानसोपचारतज्ज्ञ, सांगली): या आजारात निदान समजावून सांगण्यापासूनच उपचार सुरू होतो आणि काही रुग्णांचे झटके तेवढ्यानेही कमी होतात. वहिनींची संमती घेऊन भाऊ आणि आईवडील या सर्वांना पुढच्या भेटीला सोबत न्यावे. झटका खरा आहे, त्या तो मुद्दाम आणत नाहीत, अपस्मारात मेंदूत होणारा विद्युत उद्रेक येथे होत नाही, पण शरीरावरचा ताबा काही काळ खरोखरच सुटतो, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर घरच्यांना पटणे सोपे जाते. ‘तुला कसले टेन्शन आहे?’ असे खोदून विचारू नये, कारण प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत एखादा मोठा आघात सापडतोच असे नाही. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. कारण काहींना मानसिक आणि अपस्माराचे असे दोन्ही प्रकारचे झटके असतात. पुढचा उपचार मुख्यतः मानसोपचाराचा. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने झटक्यांची मासिक संख्या लक्षणीय घटल्याचे दिसले नाही, मात्र झटक्यांचा त्रास कमी झाला आणि रोजचे जगणे सुधारले. ही अपेक्षा घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावी.

उत्तर (अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्ती, सातारा): भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. तरीही वडिलांशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका. आजाराला नाव आहे आणि उपचारही आहे, हे कळले की देवऋष्याची ओढ पुष्कळदा आपोआप कमी होते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. झटका आल्यावर शेजारी कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात. त्या वेळी नेमके काय करावे?

उत्तर (कराड): मला स्वतःला हे झटके येत असत. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका; आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, गर्दी दूर करा आणि एकानेच शांतपणे ‘तू सुरक्षित आहेस’ असे सांगत राहा. झटक्यात मला बोलता येत नसे, पण ऐकू बरेच येई, ‘नाटक’ हा शब्दसुद्धा. म्हणून आईंना एवढे अवश्य सांगा. झटक्याआधी छातीत धडधडले की मी तळपाय जमिनीवर घट्ट टेकवून समोरच्या वस्तूंची नावे मोठ्याने घेत असे, ते मला मानसोपचारात शिकवले होते. दुखापत झाली किंवा झटका नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर मात्र थेट रुग्णालयात न्यावे.