अनुभव धागा: छंदाचं नवीन सामान कधी घेतलंत आणि जुन्याचं काय केलंत?

पेटीवाला:

मंडळी, आमच्याकडे वडिलांची पेटी आहे. साडेतीन सप्तकांची, डबल रीड, खर्ज-नर, म्हणजे एकेका सुराला दोन रीड (धातूच्या पात्या), त्यातली एक खालच्या आवाजाची. चाळिशी उलटल्यावर मी शिकायला बसलो आणि वर्षाच्या आत मला स्केल चेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी पेटी, हवीशी वाटू लागली. कारण विचाराल तर क्लासात शेजारी बसणाऱ्याकडे होती, बाकी काही नाही. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "आधी भाता बघून घे, मग बोलू."

दुरुस्तीवाल्यांनी पेटी उघडली, उदबत्ती पेटवली आणि भाता दाबत ती घडीच्या कडेने हळूहळू फिरवली. एका कोपऱ्याशी धूर फुर्रकन उडाला. तिथे चामडं विरून बारीक भोक पडलं होतं. मंद्रातला (खालच्या सप्तकातला) जो सूर मला 'बसलेला' वाटायचा, त्याच्या रीडखाली नुसती कचऱ्याची काडी अडकली होती. पातळ चामड्याचा तुकडा, सरस, थोडं ट्यूनिंग, एवढ्यात काम झालं. आधी एका भात्यात जेमतेम सहा-सात सेकंद टिकणारा सूर आता वीस सेकंद टिकायला लागला. माझी निम्मी 'मर्यादा' त्या भोकातून बाहेर जात होती म्हणायची.

स्केल चेंजर घेतली, पण तीन वर्षांनी. सोसायटीतल्या भजनी मंडळाला साथ करायला लागलो. तिथे एकीची गायची पट्टी काळी चार, दुसरीची पांढरी पाच आणि तिसरीची रोज बदलते. पट्ट्यांचा पाटा सरकवून बोटं ओळखीच्या जागी ठेवता येणं ही तिथे चैन नव्हती. गंमत अशी, की ती पेटी इतकी जड निघाली की रिक्षातून नेणं जिवावर येतं. भजनाला अजून वडिलांचीच जाते आणि नवी घरात बसून असते!

तर लिहा. छंद कुठलाही चालेल. पण कृपा करून 'हौसेला मोल नाही' एवढंच लिहून पळू नका. नक्की काय अडत होतं, काय बदललं आणि पैसे कुठे फुकट गेले, ते सांगा.

कुंभारगावचा पाहुणा:

फोटो, मुख्यतः पक्षी. कॅमेऱ्याबरोबर आलेली 18-55 मिलिमीटरची लेन्स आणि नंतर घेतलेली, लांबचं जवळ दाखवणारी 70-300, एवढ्यावर चार वर्षं काढली. भिगवणला दर हिवाळ्यात जातो. उजनीच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरले की नावाडी अलगद जवळ नेतात, तरी घरी येऊन पाहावं तर फोटो मऊ, म्हणजे रेघा धूसर. मग ठरवलं, 150-600 घ्यायची.

घ्यायच्या आधी एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणली. दोन किलोच्या आसपास वजन, हलणाऱ्या होडीत बसून. पहिल्या दिवशीचे फोटो पुन्हा मऊच! बरोबरच्या एका काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकडा दाखवला. शटर 250 वर, म्हणजे सेकंदाच्या 250 व्या भागावर होता. "पक्षी उडतोय आणि तू त्याचा पासपोर्ट फोटो काढतोयस." आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) 800 वर नेऊन शटर 1600 केला. दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या 300 नेच पिसं सुटी सुटी दिसायला लागली.

मग घरी एक उद्योग केला. वर्षभरातले ठेवलेले फोटो कुठल्या फोकल लेंथला (लेन्सच्या त्या मिलिमीटरच्या आकड्याला) काढलेत ते बघितलं. बहुतेक 300 वरच, आणि त्यातले जंगलातले सगळे वरून पुन्हा कापलेले. म्हणजे पाणपक्ष्यांना जुनी पुरत होती, झाडीतल्यांना नाही. हे कळल्यावर वर्षभराने 150-600 घेतली, तीही वापरलेली. वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. समोरचा कितीही गोड बोलला तरी उठून यायचं.

दोन चाकं, एक गुडघा:

पेटीवाले काका, तुमच्या भोकासारखीच माझी सीट. सरळ हँडलची हायब्रिड सायकल होती. खंबाटकी घाट चढून सातारा गाठलं की गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायचं. ग्रुपमध्ये सगळे कार्बनच्या सायकलींबद्दल बोलायचे, मीही पैसे साठवायला घेतले. सर्व्हिसिंगला गेले तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, टाच पेडलवर ठेवून पाय खाली न्या." गुडघा बराच वाकलेला राहत होता, खरं तर तिथे पाय सरळ व्हायला हवा. त्याने सीट अडीच सेंटिमीटर वर केली. त्याने एक पैसा घेतला नाही, आणि दुखणं दोन आठवड्यांत गेलं.

नंतर जाड खाचांचे टायर काढून 32 मिलिमीटरचे गुळगुळीत टाकले. सर्वात कमी पैशात सर्वात जास्त फरक पडला तो यानेच, आजही हेच सांगेन.

रोड बाइक (वाकड्या हँडलची सायकल) शेवटी घेतलीच. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत संपवायची असते, आणि सरळ हँडलवर सहा-सात तासांनी माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. ग्लोव्ह्ज बदलले, हँडलच्या टोकांना शिंगं लावून पाहिली, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. वाकड्या हँडलवर हात तीन ठिकाणी ठेवता येतो, मला हवं होतं ते एवढंच. हायब्रिड विकली नाही. भाजी तिच्यावरच येते.

लोकरगुंडी:

माझं छोटंसं. ब्लँकेट विणताना मनगट भरून यायचं, कारण सगळं वजन सरळ सुयांवर लटकतं. वायरने जोडलेली गोल सुई घेतली. वजन मांडीवर आलं, मनगट सुटलं. गोल सुई फक्त गोल विणायला असते असं मला आठ वर्षं वाटत होतं. बास.

गुंजवणे रिटर्न:

इथे सगळे 'लगेच घेऊ नका' म्हणताहेत, म्हणून उलटा अनुभव देतो. माझे ट्रेकिंगचे बूट चांगले भारीतले, फार तर दहा-बारा ट्रेक झालेले. मग नोकरी, मुलगी, कोविड. सहा वर्षं ते माळ्यावर खोक्यात. काढले तेव्हा तळव्याच्या खाचा नव्यासारख्या. खूश होऊन राजगडाला गेलो. चढताना काही नाही. चोर दरवाजाने उतरून खाली येताना उजव्या पायाखाली काहीतरी फडफडायला लागलं. पाहतो तर अख्खा सोल टाचेपासून सुटून जबड्यासारखा उघडलेला. मधला फोम बोटाने दाबला तर चिक्कीसारखा चुरा हातात. पंधरा मिनिटांत डावाही गेला.

पिशवीचे बंद आणि मित्राची नाडी बुटांना गुंडाळून पायथ्याच्या गुंजवणे गावापर्यंत आलो, मुलगी पूर्ण वाटभर हसत. नंतर कळलं, की या बुटांच्या मधल्या थरातला पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणाने आतल्या आत सडतो, आणि नुसता पडून राहिला तर उलट लवकर. म्हणजे झिजले नाहीत म्हणून चांगले, हे इथे चालत नाही. बुटांच्या आत आता खरेदीचं वर्ष पेनाने लिहितो.

गच्चीवरचा:

माझी गोष्ट नवीन घेण्याची आहे आणि खाली उतरण्याचीही.

पहिली दुर्बीण 70 मिलिमीटरची. खोक्यावर छापलं होतं 525 पट! भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला दोनने गुणा, त्याच्या पुढे चित्र फक्त मोठं आणि धूसर होतं. म्हणजे माझी मजल 140. खरा वैताग स्टँडचा होता. फोकस करायला हात लावला की शनी टुणटुण उड्या मारायचा. तरी पन्नास पटीत पहिल्यांदा त्याचं कडं दिसलं, तेव्हा मी वरून बायकोला इतक्या मोठ्याने हाक मारली की खालचे दोन मजले खिडकीत आले.

मग आठ इंची डॉबसोनियन, म्हणजे लाकडी पाटावर फिरणारी आरशाची दुर्बीण. 200 मिलिमीटरचा आरसा, जुनीच्या आठपट प्रकाश. वांगणीच्या माळावर नेली त्या रात्री मृगातला तेजोमेघ पाहिला आणि पैसे वसूल झाले. 21 डिसेंबर 2020 ला गुरू आणि शनी एकाच नजरेच्या टप्प्यात, एकाचे चंद्र आणि दुसऱ्याचं कडं एकत्र. सोसायटीतल्या आजीबाई रांगेत उभ्या होत्या.

पण आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. नळी आणि खालचा लाकडी पाट मिळून वीस किलोच्या आसपास. शिवाय दर वेळी आरसे जुळवायचे. पहिल्या वर्षी महिन्यातून तीनदा बाहेर निघायची, तिसऱ्या वर्षी दोनदा, तीही वर्षातून. पावसाळ्यात आरशावर दमटपणाचे डाग पडले ते वेगळंच. शेवटी ती एका शाळेला देऊन टाकली. तळमजल्यावर त्यांची खोली आहे, बाहेर लगेच मैदान. मी 10×50 ची द्विनेत्री घेतली. खुंटीला टांगलेली असते. रात्री कचरा टाकायला गेलो तरी गळ्यात. देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग, कृत्तिका, चंद्राची कड. गेल्या वर्षभरात पाहिलं तेवढं आकाश त्या आठ इंचीतून कधी पाहिलं नव्हतं.

तीनताल:

तबल्यावाल्यांनी इथे थोडं वेगळं लक्षात घ्यावं. आवाज गेला म्हणजे तबला गेला असं नाही. शाई उडालेली असते किंवा किनार सैल झालेली असते. पुडी (वरचं मढवलेलं चामडं) बदलली की तेच लाकूड नव्यासारखं बोलतं. माझा शिसवाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) पंधरा वर्षांचा आहे, पुड्या किती झाल्या ते मोजणं सोडलं.

दुसरा घ्यावा लागला तो साथीमुळे. माझा काळी एकचा. एका गायिका बाईंनी साथीला बोलावलं, त्यांची पट्टी काळी चार. मी हातोडीने ठोकत ठोकत उतरवायला गेलो. सूर दीड-दोन पट्ट्या खाली आला आणि मग नुसता भद्द आवाज. सगळ्यांसमोर. बाई शांतपणे म्हणाल्या, "राहू दे, आज आपण तानपुऱ्यावरच बसू." त्या संध्याकाळी मला मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला हवा आहे हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पेटीवाला:

@गच्चीवरचा, तुमचं वाचून काल रात्री स्केल चेंजर खरंच वजनकाट्यावर ठेवली. साडेसोळा किलो. भजनी मंडळातल्या ताईंना विचारलं, तालीम आमच्या घरी ठेवली तर चालेल का. त्या म्हणाल्या, चहा तुमचा असेल तर चालेल. गुरुवारपासून सुरू.

@गुंजवणे रिटर्न, आमच्या माळ्यावरही एक खोकं आहे. उतरवायला भीती वाटतेय.