मदत हवी: हक्ककमीची (हक्क सोडल्याची) नोंद, प्रांतांनी अपील मुदतबाह्य ठरवले

दांडियाबाजारकर:
गुजरातेत बडोद्याजवळ पादरा तालुक्यात आजोबांची जमीन आहे. १९९१च्या नोंदीत वडिलांचं नाव कमी झालं, आता ७/१२ वर फक्त काकांची मुलं. अपील केलं, "विलंबाचा समाधानकारक खुलासा नाही" म्हणून फेटाळलं. नोंदच बेकायदा असेल तर वर्षं कशाला मोजतात? थेट हायकोर्टात जाता येईल का? वकीलसाहेब सोमवारी विचारणार आहेत, लवकर सांगा.

फेरफार_वाचक:
असं कसं सांगणार? नोंद कधी प्रमाणित झाली? १३५-ड ची नोटीस (नोंद प्रमाणित करण्याआधी हितसंबंधितांना द्यायची) वडिलांवर बजावली होती का? जमीन वडिलोपार्जित की आजोबांनी घेतलेली? तुम्हाला कळलं कधी, आणि कशावरून?

दांडियाबाजारकर:
वडिलोपार्जित. ताबा काकांच्या मुलांकडे. नोटिशीचं माहीत नाही. अर्जात "वडील अशिक्षित होते, नोंदीची माहिती नव्हती" असं लिहिलं होतं.

कोठीसमोर:
दादा, शून्य (मुळातच बेकायदा) आदेशाला मुदत नसते. सरळ हायकोर्टात घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट टाका. १९८७च्या अनंतनाग निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की विलंबाकडे उदारपणे पाहावं.

तारीखवार:
हा सल्ला घातक आहे. आदेश शून्य असला तरी तो मुदतीतच रद्द करून घ्यावा लागतो, हे गुरदेव सिंग प्रकरणात १९९१ मध्येच ठरलं. उदारपणाचं म्हणाल तर २०१३चा बसवराज निकाल वाचा: पुरेसं कारण नसेल तर न्यायालय केवळ सहानुभूतीने विलंब माफ करू शकत नाही. वर कलेक्टरांकडे फेरतपासणी आणि पुढे अहमदाबादला महसूल सचिव (विवाद) असताना रिट केलं, तर बहुधा "आधी तिकडे जा" म्हणतील. त्यात गेलेले महिने पुन्हा तुमच्याच खात्यात.

प्रांतांकडच्या अपिलाची मुदत ६० दिवसांची होती. नुसतं "माहिती नव्हती" लिहून चालत नाही. किती तारखेला कळलं, कोणत्या कागदावरून, नकलेचा अर्ज कधी दिला, नक्कल कधी मिळाली, हे सगळं प्रतिज्ञापत्रावर तारखेने हवं. नकलेचे दिवस वजा होतात, पण कळल्यानंतर घरी बसलेले दिवस वजा होत नाहीत, आणि तीस वर्षांची अपिलं बहुतेक तिथेच पडतात. "अशिक्षित" लिहिलंत आणि समोरच्याने वडिलांची सही असलेला पीककर्जाचा कागद काढला, तर बाकीच्या अर्जावरही विश्वास राहत नाही.

सूरसागर_ताई:
२००५ पासून मुलींनाही समान हक्क आहे. तुमच्या आत्यांची नावं आहेत का?

तारीखवार:
ताई, प्रश्न तो नाही.

वाडीतला:
सगळे महसुलातच का अडकलात? फेरफार नोंदीने मालकी येत नाही, जातही नाही. वाटणीचा दिवाणी दावा करा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याबद्दल मुदत कायद्याचा अनुच्छेद ११०: वगळल्याचं कळल्यापासून १२ वर्षं. शिवाय तलाठ्यापुढच्या साध्या जबाबाने हक्क सुटत नाही. शंभर रुपये वा त्यावरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो.

फेरफार_वाचक:
तोंडी वाटणीला मात्र नोंदणी लागत नाही. काकांची मुलं हक्ककमीलाच तोंडी वाटणी म्हणतील. आधी गाव नमुना ६ (फेरफार नोंदवही) ची नक्कल, जबाब आणि १३५-ड ची बजावणी काढा.

दांडियाबाजारकर:
नकला मिळाल्या. नोटिशीवर सही कोणाची ते वाचता येत नाही. जबाबावर वडिलांची सही आहे, इंग्रजीत. नोंदणीकृत दस्त नाही.

तारीखवार:
मग "अशिक्षित" आणि "माहिती नव्हती" ही दोन्ही वाक्यं पुढच्या कोणत्याही अर्जात येऊ देऊ नका. काका उत्पन्नातला वाटा देत होते का? देत असतील तर शेवटचा कोणत्या वर्षी दिला? त्याचा बँकेतला पुरावा शोधा. वाटा मिळत होता तोवर वगळलं असं म्हणता येत नाही, आणि बारा वर्षं त्यानंतर नकार कळला तिथून मोजता येतील.

दांडियाबाजारकर:
२०१६ पर्यंत दरवर्षी चेक यायचा. हे लिहायचं राहिलंच होतं.

वाडीतला:
अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! पासबुकं घेऊन जा सोमवारी.