क्रोन्सच्या (आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या आजाराच्या) रुग्णाने आतड्याचा 'पाझर' मोजून घ्यावा का?

कुळागर, फोंडा
'लीकी गट' (आतड्याच्या अस्तरातून होणारी गळती, म्हणजेच पाझर) आहे का बघायला रक्तातलं झोन्युलिन (पेशींचे सांधे सैल करणारं प्रथिन) तपासा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. माझ्या मते पैसे पाण्यात. बाजारातली किट्स झोन्युलिन पकडतच नाहीत, भलतीच प्रथिनं मोजतात, हे २०१८ मध्येच दाखवलं गेलंय. त्यापेक्षा शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (सूज असली की वाढणारं प्रथिन) करा. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर बहुधा शांत, २५० च्या वर गेलं तर आत सूज धुमसतेय.

मांडवीकाठ
किट टाकाऊ, मान्य. म्हणून पाझर खोटा ठरत नाही. सूज आली की टीएनएफमुळे (सूज वाढवणाऱ्या प्रथिनामुळे) पेशींच्या सांध्याभोवतीचा ॲक्टिन या प्रथिनाचा पट्टा आवळला जातो आणि सांधा उसवतो. शिवाय सांध्यातलं क्लॉडिन-२ हे प्रथिन वाढतं, त्याच्या छिद्रांतून क्षार-पाणी सुटतं, जुलाबात भर पडते. टीएनएफ रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाने पाझर कमी होतो. आणि २०२० चा अभ्यास विसरू नका: क्रोन्सच्या रुग्णांच्या निरोगी सख्ख्या नातेवाइकांत ज्यांचा पाझर जास्त, त्यांना पुढे आजार होण्याचा धोका जास्त निघाला, निदानाच्या ३ वर्षांहून आधी मोजला तरीही.

कुळागर, फोंडा
धोका जास्त, पण त्यांतल्या बहुतेकांना आजार होतच नाही. त्यांना सांगणार काय, घाबरून राहा? आणि मोजणीच बघा ना. रात्रभर उपाशी, सकाळी लघवी करून ५ ग्रॅम लॅक्ट्युलोज नि २ ग्रॅम मॅनिटॉल पाण्यातून प्यायचं, मग ५ तासांची सगळी लघवी गोळा करायची. लॅक्ट्युलोज मोठा रेणू, तो सांधा उसवल्याशिवाय फारसा जात नाही. मॅनिटॉल लहान, तो सहज जातो. लॅक्ट्युलोज भागिले मॅनिटॉल असं गुणोत्तर काढतात. पण विली (अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) झिजल्या असतील तर मॅनिटॉलच कमी शोषलं जातं आणि गळती न वाढताही आकडा चढतो. आदल्या दिवशी अळंबी किंवा शुगरफ्री च्युइंगगम खाल्लं, तर आयतं मॅनिटॉल लघवीत येऊन आकडा उतरतो. मोठ्या आतड्यात जंतू दोन्ही साखरा फस्त करतात, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसबद्दल (मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजाराबद्दल) ही तपासणी जवळपास मुकीच.

मांडवीकाठ
मोठ्या आतड्यासाठी सुक्रालोज (कृत्रिम साखर) आहे, त्याला जंतू फारसे हात लावत नाहीत.

कुळागर, फोंडा
त्यासाठी २४ तासांची लघवी! भर मे महिन्यात बाटली फ्रिजात ठेवायला घरचे तयार होतील का बाबा?

झुआरी१०
पेनकिलरचं कुणी बोलतच नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक पाझरही वाढवतात आणि कॅलप्रोटेक्टिनही. डॉक्टरांना विचारून २ आठवडे आधी बंद ठेवा, अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल. हृदयासाठीची ॲस्पिरिन मात्र मनाने थांबवू नका. फेणीनेही पाझर वाढतो, तिलाही सुट्टी.

मांडवीकाठ
हे बरोबर. तरी कुळागर, एक राहिलंच. शिरेतून फ्लुरोसीन (चमकणारा रंग) देऊन खास एंडोस्कोपीने तो पेशींच्या मधल्या फटींतून झिरपतोय का हे थेट बघता येतं. अस्तर वरून बरं दिसणाऱ्यांतही पुढे कोणाचा आजार उसळेल, हे त्यावरून नेहमीच्या एंडोस्कोपीपेक्षा चांगलं कळलं, २०२३.

कुळागर, फोंडा
ते यंत्र मोजक्या ठिकाणी. बांबोळीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत रांगेत उभ्या माणसाला आज मी कॅलप्रोटेक्टिनच सांगेन.