इतवारी मेली म्हणे! मग संध्याकाळी ट्रक कोण भरून राहिलं?

किराणाओळीवाला

काल एका महाशयांची ‘इतवारीची अंत्ययात्रा’ ही पोस्ट वाचली. म्हणे ॲपवर दहा मिनिटांत सामान येतं, मॉल झाले, त्यामुळे नागपूरचे महाल, इतवारी, गांधीबाग हे जुने बाजार सगळे संपले, आता फक्त आठवणी उरल्या. खाली बंद शटरांचा फोटो. अहो, फोटोतल्या सावल्या पाहा. सकाळी आठचा फोटो आहे तो. आमच्या किराणा ओळीत साडेदहाच्या आत कुलूप निघत नाही, हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे.

आमचा धंदा तुमच्या पावकिलो खसखशीवर कधीच नव्हता. बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया, गडचिरोलीचे दुकानदार आमचं गिऱ्हाईक. पूर्वी ते स्वतः यायचे, गादीवर बसायचे, मूठभर तूरडाळ तळहातावर घेऊन फुंकायचे, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि मग भावावरून तासभर घासाघीस. आता यादी व्हॉट्सॲपवर येते, पैसे बँकेत येतात, माल ट्रान्सपोर्टने जातो. गल्लीत माणूस दिसत नाही म्हणून धंदा मेला, हे कोणी सांगितलं? मार बसला तो नोटाबंदीचा आणि २०१७ च्या जीएसटीचा. चिठ्ठीवर आणि तोंडी शब्दावर चालणारे अर्धे व्यवहार त्यात गेले. ॲपचा नंबर फार नंतरचा.

जुना_महालकर

पोस्ट माझीच, त्यामुळे ‘महाशय’ मीच. चिठ्ठीवर चालणारे व्यवहार गेले म्हणता, म्हणजे पक्कं बिल फाडावं लागलं याचं दुःख. समजलं.

तुम्ही ठोकवाले. मी लिहिलं ते चिल्लर गिऱ्हाइकाबद्दल. माझ्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता गांधीबागेत बांधला. दुपारी जेवून बसलो ते दिवे लागेपर्यंत. शालू पसंत पडला, पण मामीच्या आहेराची साडी काही पसंत पडेना. दुकानदाराने कंटाळा न करता अख्खी भिंत खाली काढली, वर दोनदा चहा. आज त्या जागी मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. केळीबाग रोड रुंद केला तेव्हा किती दुकानं अर्धी कापली गेली ते बघा. बडकस चौकात उभं राहून सांगा की काही बदललं नाही.

बेसाकर_ताई

बस्ता बांधला, चहा प्यायलात, छान. गाडी कुठे लावली होती?

मी लग्नाआधी जुनी शुक्रवारीत राहायची. इतवारी मला कोणी शिकवू नये. पण आता बेसाहून यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. मागच्या दिवाळीला रांगोळी आणि पणत्या घेऊन वळले तर स्कूटर जागेवर नाही, उचलून नेलेली. दंड भरला तो पणत्यांच्या चौपट. त्यावर वर तोंड करून ‘गिऱ्हाईक बेइमान झालं’ म्हणायचं? आणि जिव्हाळ्याचं सांगूच नका. ॲपवर भाजी मागवली की सांभार, म्हणजे कोथिंबीर, तरी फुकट येतो.

अग्रसेनचौक_ते_बर्डी

ताई, मेट्रो कशासाठी आहे? सेंट्रल ॲव्हेन्यूवरून प्रजापतीनगरपर्यंत गाडी २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली. जयप्रकाशनगरला बसा, बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, गाडी बदला, अग्रसेन चौकात उतरा. तिथून पायी इतवारी.

बेसाकर_ताई

आणि तेलाचा पिपा डोक्यावर घेऊन परत बर्डीला बदलू?

तर्रीबाज

पिपा सोडा. सांभार फुकट?? कोणत्या दुनियेत? गोकुळपेठेत परवा भाजीवाल्या काकूंना म्हटलं, काकू, शंभरची भाजी घेतली, दोन काड्या सांभार टाका ना. असं पाहिलं माझ्याकडे की जसा मी त्यांचं वावर मागून राहिलो! लहानपणी आई न मागता मिळवायची. वर चार मिरच्या. माणुसकी संपली बाजारातली, एवढंच.

कळमेश्वर_शिवार

वा रे वा. माणुसकी तुमची आन सांभार आमचा.

मी पिकवतो, मले विचारा. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी सांभार भरून आणला. पहाटे चारला लिलाव. गाडीभर माल, अन् बोली अशी लागली की गाडीभाडंही निघेना. अडत्या म्हणते, आज आवक जास्त आहे, देऊन टाक. देऊन टाकला. त्याच दिवशी दुपारी शहरात कोनी फुकट सांभार मागितला असन, कोनी दिला असन, दोघंही खुश. पैसे कोनाचे गेले?

२०१६ मध्ये फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून काढली, अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची ठरलं. कागदावर झकास. मी ज्याच्याकडे माल टाकायचो तो अडत घेत नव्हताच. हमाली, तोलाई, ‘खराब माल’ अशी नावं पडली त्याच पैशाले. ॲपवालेही फुकट देत नाहीत ताई, टमाटरात लावून घेतात.

किराणाओळीवाला

विषय इतवारीचा होता. सांभारावर कसा गेला? आणि अडत्या म्हटलं की चोर, हे ठरलेलंच. भाऊ, लेकीच्या लग्नाला, बियाण्याला, दवाखान्याला उचल कोण देतं? बँक का? माझ्या काकांनी कळमन्याच्या बाजारात भाजीची अडत केली, त्यांच्या वहीत बुडालेल्या उचलीची पानं आजही आहेत.

कळमेश्वर_शिवार

उचल देतो म्हणून तर माल दुसऱ्याकडे नेता येत नाही ना. तुमच्या काकांच्या वहीत पानं आहेत, माझ्या बाबांच्या तर वावराच्या सातबाऱ्यावर बोजा होता.

किराणाओळीवाला

तो बोजा माझ्या काकांनी चढवला का? उगाच काहीही बोलू नका.

तर्रीबाज

अरे बाप्पा. मी दोन काड्या मागितल्या होत्या फक्त.

जुना_महालकर

हे काय चालू आहे? मी काय लिहिलं होतं, वाचलं तरी का कोणी?

बर्डीचा_पोट्टा

काकाजी, वाचलं. त्यात फुटपाथवाल्यांना ‘अतिक्रमण’ लिहून तुम्ही एका ओळीत निपटवलं, तेही वाचलं. माझे बाबा बर्डीच्या मेन रोडवर टॉवेल-रुमाल विकतात. २०१४ मध्ये फेरीवाल्यांचा कायदा आला, त्यात नोंदणी आहे, समिती आहे, जागा ठरवून देणं आहे. तरी पथक आलं की आम्ही गाठोडं उचलून पळतो. आणि पळताना पाहतो, आमच्याच जवळून बनियन घेणारा माणूस बाजूला उभा राहून ‘रस्ता मोकळा झाला’ म्हणून व्हिडिओ काढून राहिला.

जुना_महालकर

दुकानदार भाडं भरतो, टॅक्स भरतो. त्याच्या दारात तुम्ही बसायचं, हे बरोबर?

बर्डीचा_पोट्टा

दारात बसायचे पैसे काही दुकानदार आमच्याकडूनच घेतात, काकाजी. त्याची पोस्ट लिहा कधी.

उमरेड_रोड

ॲप, पार्किंग, फेरीवाले, सगळं झालं. खेड्याचा माणूस इतवारीत यायचा कसा, हे कोणी बोललं नाही. नागभीडची छोटी, नॅरोगेज गाडी थेट इतवारी स्टेशनला यायची. भिवापूरची मिरची, जवस, लाखोळी डाळ, मोहफुलं, बोरं, पिशव्या-गठुड्यांनी डबा भरलेला. माझी आजी त्याच गाडीने यायची, मिरची विकायची आणि त्याच पैशात मीठ, गूळ, लुगडं घेऊन संध्याकाळी परत. ब्रॉडगेज करायला २०१९ मध्ये ती गाडी बंद केली. एसटीच्या टपावर कोण मिरचीचं पोतं चढवू देतं आता? आजीसारखं गिऱ्हाईक ॲपने नेलं नाही, आणि तिला पार्किंगही नको होतं.

किराणाओळीवाला

हे मात्र खरं. लाखोळी आणि गावरान मिरची घेऊन गल्लीत बसणाऱ्या बाया दिसत नाहीत आताशा. आमच्या दुकानातून त्या मीठ न्यायच्या. ते चिल्लर गिऱ्हाईक होतं, मान्य. महालकरांनी हे लिहिलं असतं तर मी भांडलोच नसतो. पण त्यांना मामीची साडी आठवली.

जुना_महालकर

बरं, ‘मेली’ हा शब्द मागे घेतो. ‘आजारी’ लिहितो. आता तुमच्या ट्रकांचं पक्कं बिल दाखवा म्हणजे झालं.

बेसाकर_ताई

शिवारभाऊ, तुम्ही थेट विकता का कुठे? आमच्या सोसायटीत साठ घरं आहेत.

कळमेश्वर_शिवार

रविवारी सकाळी मनीषनगरात टेम्पो लावतो. त्या लिलावानंतर बाजारात पाय ठेवला नाही, पालक-मेथी नऊच्या आत खपते. तुमच्याकडे वळवू शकतो, पण गेटवरचा चौकीदार उभं राहू देत नाही, ते तुम्ही पाहा. आन सांभार दहा रुपये जुडी.

बेसाकर_ताई

चौकीदाराचं मी बघते. पण दहा? शंभरच्या वर भाजी घेतली तरी?

कळमेश्वर_शिवार

तरीही दहाच, ताई.