मदत हवी आहे: शेल या दगडातून तेल, वर भाजून की जमिनीखाली तापवून?

गोदाकाठ
नाशिकला केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला शीर्षकातल्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे. नेटवर शोधलं की निम्मं फ्रॅकिंगचंच (दाबाने पाणी सोडून खडक फोडण्याचं) येतं. आकड्यांसह फरक कोणी सांगेल का? डेमोला इथला दगड चालेल का?

भट्टीकर
आधी फ्रॅकिंग बाजूला काढा. तिथे तेल खडकात तयार असतं, फक्त वाट करून द्यायची. तुमच्या दगडात केरोजेन (घन सेंद्रिय पदार्थ) असतं, ते तापवल्यावर त्याचं तेल होतं.

वरच्या पद्धतीत दगड खणून, फोडून, हवा न लागू देता साधारण 500 अंशांवर भाजतात. एस्टोनियात दोन तऱ्हेच्या भट्ट्या आहेत. किव्हिटरला 10 ते 125 मिमीचे खडे लागतात. चुरा गेला की गरम गॅसची वाट बुजते आणि माल कुठे करपतो, कुठे कच्चा राहतो. गॅलोटर मात्र चुराच खाते, तिथे उष्णता गरम राखेतून मिळते. पण तीच राख तेलात उतरते.

खरं दुखणं उरलेल्या दगडाचं. टनाला 100 लिटर देणारा दगड धरा, म्हणजे 159 लिटरच्या एका बॅरलला 1.6 टन दगड. भाजलेला दगड लाह्यांसारखा फुगतो, खणलेल्या खड्ड्यात परत मावत नाही.

पाणाड्या
जमिनीखालचं उदाहरण शेलचं घ्या (कंपनी शेल, दगड नव्हे!). कोलोरॅडोत त्यांनी बोअरमध्ये विजेचे हीटर सोडून प्रयोग केले. तापमान 340 ते 370 अंशच, पण वर्षानुवर्षं. सावकाश तापल्याने जड भाग खालीच राहतो आणि हलकं तेल व गॅस वर येतो. वरच्या भट्टीचं तेल जड, नायट्रोजन जास्त, हायड्रोजन देऊन सुधारावं लागतं.

अडचण भूजलाची. पाणी आत झिरपलं तर हीटरची वीज ते उकळण्यातच जाते, शिवाय तेल पाण्यात मिसळतं. म्हणून भोवती नळ्यांतून थंड द्राव फिरवून बर्फाची भिंत करायची, आतलं पाणी उपसायचं, मगच हीटर लावायचे. 2013 मध्ये त्यांनी तो प्रकल्प सोडला. माझं मत विचाराल तर तुलना तापमानाची करू नका, वेळेची आणि पाण्याची करा.

भट्टीकर
डेमोचं राहिलं. पांडवलेण्यांचा बेसाल्ट कितीही भाजा, थेंब निघणार नाही, तो लाव्हाचा दगड. शेल मिळवलात तर फिशर चाचणी (दगडातून किती तेल निघतं ते मोजायची) करा: 2.38 मिमीच्या चाळणीतून गाळलेला 100 ग्रॅम चुरा, मिनिटाला 12 अंश या वेगाने 500 पर्यंत, मग 40 मिनिटं तिथेच. वाफ थंड करून गोळा करा, तेल आणि पाणी वेगळं मोजा. फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो.