शब्दचर्चा: बडोद्याचं ‘आवडणं’ आणि मुलांचं वाचन

दांडियाबाजार:
रविवारी सकाळी आमच्याकडे बडोद्यात पाच ते आठ वर्षांची मुलं मराठी गोष्टी वाचायला जमतात. घरी मराठी, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची, अशी बहुतेक. यंदा पालकांना एक कागद भरायला दिला. त्यात प्रश्न होता, ‘तुमच्या मुलाला मराठी वाचायला आवडतं का?’ उत्तरं आली ती अशी: ‘अजून नाही आवडत, शिकतोय.’ ‘सुटी अक्षरं आवडतात, जोडाक्षरं नाही आवडत.’ ‘गुजराती मस्त आवडतं, मराठी थोडं थोडं.’ फक्त एका आजींनी लिहिलं, ‘फार आवडतं, पण येत नाही.’ त्या साताऱ्याच्या.

इथल्यांना सांगायला नको, गुजरातीत ‘मने वांचतां आवडे छे’ म्हणजे मला वाचता येतं. आवडीला ‘गमे छे’. आपल्या घरांत दोन्ही अर्थ नांदतात. पण या कागदावरून मुलांचे गट पाडायचे होते. पुण्याहून मदतीला आलेल्या मुलीने ‘नाही आवडत’वाल्या सगळ्यांना ‘वाचनाची नावड’ या गटात टाकलं. त्यात पुस्तक हातचं सोडवत नाही अशीही पोरं होती, अक्षर तेवढं लागत नव्हतं. तर प्रश्न कसा लिहू, की बडोद्याच्या घराला आणि पुण्याच्या मुलीला एकच कळेल? आणि हे ‘आवडणं’ आपलं म्हणायचं की नाही?

शनिवारपेठ:
नाही म्हणायचं. ‘वाचता येतं का?’ इतका सरळ प्रयोग हाताशी असताना गुजरातीचा अर्थ मराठी शब्दात कशाला कोंबायचा? पोहायची हौस असलेल्याने आणि पोहता येणाऱ्याने एकच वाक्य बोलायचं, हे मला धोक्याचं वाटतं. काठावर उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत तरी नक्कीच.

रावपुरा:
आमची चौथी पिढी इथे. आई म्हणायची, ‘मला शिवण आवडतं.’ शिवणाचा तिला मनापासून कंटाळा होता, पण घरातले सगळे परकर-झबली तिनेच शिवले. आम्हा भावंडांपैकी कोणालाही त्या वाक्याचा अर्थ कधी विचारावा लागला नाही. शंभर वर्षं घराघरांत बोललं गेलेलं चूक कसं? ते बडोद्याचं मराठी आहे.

शनिवारपेठ:
घरात बोला ना. पण पुस्तकाची भाषा शिकवायला बसलात की प्रमाण भाषाच हवी. आणि बडोद्याचा दाखला देताय म्हणून सांगतो, याच शहरात 1931 साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ निघाला. राज्यकारभाराच्या एकेका शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले. का? तर एका भाषेतला अर्थ दुसरीत सांडू नये म्हणून.

निवृत्तशिक्षक:
शब्दकल्पतरूचा दाखला दोन्ही बाजूंना लागतो, दादा. शब्द शेजारी मांडले, कुठलाच हाकलला नाही.

‘आवडणे’बद्दल माझं मत असं: प्राकृतातलं ‘आवडइ’, त्यामागे संस्कृतातलं ‘आपतति’, म्हणजे येऊन पडणं, समोर येणं. गुजरातीत ते हाताला आलं म्हणून ‘येणं’ झालं, मराठीत मनाला आलं म्हणून ‘रुचणं’ झालं. दोघी सख्ख्या बहिणी. परका अर्थ कोंबलाय असं मला नाही वाटत.

मांडवी:
मास्तरकाका, मी तर ते सरळ गुजराती ‘आववुं’वरून, म्हणजे ‘येणं’वरून, समजत होते. आपणही ‘वाचता येतं’ म्हणतो, हिंदीत ‘पढ़ना आता है’. सगळीकडे विद्या येतेच.

निवृत्तशिक्षक:
कल्पना गोड आहे, पण मग तो ‘ड’ कुठून आला ते सांग.

खानदेशकडची:
मी लग्नानंतर इथे आले, माहेर जळगावकडचं. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो: काळा तो काया, डोळा तो डोया. पहिलीत असताना पुस्तकात ‘शाळा’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी मोठ्याने ‘शाया’ वाचलं. बाईंनी हातावर पट्टी मारली आणि सांगितलं, हिला वाचता येत नाही. मला येत होतं! ‘श’ला काना, ‘ळ’ला काना, सगळं बघून, जुळवून, मग माझ्या घरच्या आवाजात म्हटलं होतं. न वाचता चित्र बघून ‘शाया’ म्हणणारं मूल वेगळं आणि माझ्यासारखं वेगळं. ताई, तुमच्या कागदात हा फरक कुठे येतो ते आधी बघा. ‘आवडतं’ की ‘येतं’ हे नंतर.

दांडियाबाजार:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे एक सात वर्षांचा मुलगा ‘पुस्तक फाटलं’ मधला शेवटचा ‘लं’ नाकातून काढतो, जवळजवळ ‘फाटलम्’. गुजरातीत ‘फाट्युं’चा शेवट नाकातच जातो आणि अनुस्वार दिसला की तो तसंच करतो. टिंबाचा नियम त्याला पक्का ठाऊक आहे. मराठीत तिथे टिंब असूनही नाकात जायचं नसतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. तीच गोष्ट ‘ज्ञ’ची. शाळेत ‘विग्नान’, आजीकडे ‘विद्न्यान’, दूरदर्शनवर ‘विग्यान’. तिघांपैकी कोणाला नापास करू?

निवृत्तशिक्षक:
कोणालाच नाही. मी नोकरीत असताना मुलाच्या चुकीपुढे स्वतःसाठी खूण करायचो. डोळ्याची चूक वेगळी, जिभेची वेगळी. ‘घर’चं ‘धर’ वाचलं तर डोळ्याची. शिरोरेषेत तेवढीच फट असते आणि गुजराती लिपीला शिरोरेषाच नाही, त्यामुळे तिथल्या मुलाचा डोळा त्या रेघेकडे जातच नाही. त्याला ते अक्षर पुन्हा दाखवायचं. ‘शाळा’चं ‘शाया’ ही जिभेची, तिथे वाचन झालेलं असतं. पुढे जाऊ द्यायचं.

आणि उलट बाजूही बघा. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ लिपीत एकच, बोलण्यात दोन. प्रमाण गुजरातीत ‘चाक’मधला दंततालव्य ‘च’ नाही. तरीही मराठी घरातलं मूल ‘चाक’ बरोबर म्हणतं, कारण शब्द आधीच कानात असतो. अक्षरं अर्धी वाट नेतात, उरलेली घरची बोली नेते. घरी मराठी न ऐकलेलं हुशार मूल तिथे अडखळतं आणि ते मठ्ठ नसतं.

शनिवारपेठ:
मास्तर, मान्य. पण ‘शाया’ वाचणारं मूल लिहिताना काय लिहील? ‘शाया’च. मग दहावीला त्याचे गुण कापणार कोण, तुम्ही की आम्ही? बोलीचा मान राखायचा म्हणून मुलाला पुस्तकाच्या भाषेपासून लांब ठेवलं, तर नुकसान त्याचंच. श्रीमंताचं पोर प्रमाण भाषा घरीच शिकतं. गरिबाच्या पोराला ती शाळेतच मिळायला हवी.

खानदेशकडची:
दादा, मला ती भाषा मिळालीच की. पट्टीने मिळाली एवढंच. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. लिहिताना ‘ळ’ शिकवा, दहा वेळा शिकवा. पण मोठ्याने वाचत असलेल्या मुलाला दर शब्दाला अडवलं तर त्याला गोष्ट कळतच नाही.

मांडवी:
अमेरिकेत यावर कोर्टात खटला झाला होता. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावच्या काळ्या मुलांच्या पालकांचा. 1979 साली न्यायाधीशांनी शाळांना सांगितलं, की या मुलांची घरची बोली लक्षात घेऊन वाचन शिकवा. बोली शिकवा असं नव्हे, शिक्षकांना ती ओळखता आली पाहिजे असं. मला वाटतं खानदेशताई हेच म्हणताहेत.

रावपुरा:
आपल्याकडे तर कोर्टाच्या कितीतरी आधी. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात नेलं. ‘निशाळ’ आणि ‘शाळा’ दोन्ही शब्द एकाच रस्त्यावर ऐकत आम्ही मोठे झालो. आमच्या घरी अजून अक्षर ‘घोटायला’ देतात. ‘गिरवायला’ हा शब्द मी पुस्तकात वाचला.

शनिवारपेठ:
‘घोटणे’ हे गुजराती ‘घूंटवुं’. पुन्हा तेच.

निवृत्तशिक्षक:
मुळीच नाही. ‘अक्षर घोटीव आहे’ हे पुण्यातही म्हणतात. ‘धडा घोटून घेतला’ म्हणतात. गिरवणं म्हणजे दिलेल्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा हात फिरवणं, घोटणं म्हणजे हात बसेपर्यंत ते करत राहणं. मुलाच्या हाताला दोन्ही लागतात, म्हणून भाषेलाही लागतात.

दांडियाबाजार:
काका, कागदापुरतं सांगा. मी आता असं लिहिलंय: ‘मूल एकटं बसून मराठी गोष्ट वाचतं का?’ आणि खाली वेगळं: ‘गोष्ट ऐकायला, पुस्तक हातात घ्यायला मागतं का?’ दोन्हींत ‘आवडणे’ नाही.

मांडवी:
पण मग ते हरलंच ना! ‘आवडतं’ राहू द्या, शेजारी ‘गमतं’ असं लिहा. बडोद्यात सगळ्यांना कळेल.

शनिवारपेठ:
‘गमतं’ मराठीत आहेच. ‘करमतं’ या अर्थाने. ‘मला इथे गमत नाही.’ म्हणजे तिसरा घोटाळा.

खानदेशकडची:
आमच्याकडे ‘गमत नाही’ सर्रास म्हणतात. मूल वर्गात गमत नाही म्हणालं, तर त्याची कारणं वाचनातच असतात पुष्कळदा.

रावपुरा:
मास्तरकाका, घोटण्यावरून आठवलं. बाराखडीतली ‘खडी’ म्हणजे खडूच ना? पाटीवर खडूने बारा रूपं लिहायची, म्हणून बाराखडी. आजोबा असंच सांगायचे.

निवृत्तशिक्षक:
नाही. ‘बारा अक्षरी’. संस्कृतात द्वादशाक्षरी. ‘क्ष’चा ‘ख’ होतो: क्षीराची खीर, लाक्षाची लाख. ‘अक्षरी’ची ‘अखरी’, पुढे ‘र’चा ‘ड’. गुजरातीतही बाराखडीच.

शनिवारपेठ:
पण क्षेत्राचं शेत होतं, मक्षिकेची माशी होते. मराठीत ‘क्ष’ची दोन घराणी दिसतात. मग ‘बाराखडी’ आपल्याकडे आपसूक घडली की उत्तरेकडून, कदाचित गुजरातेतूनच, तयार होऊन आली? इथे कोणाकडे जुनी पोथी किंवा उजळणीची छापील चोपडी असेल तर त्यात ‘बाराक्षरी’ सापडते का, कृपया बघून कळवा.

मांडवी:
माझ्या सासऱ्यांच्या ट्रंकेत एक मोडीची चोपडी आहे. पहिली पानं गेलीत, पण बघते.