गारचॉम्पला जॉली द्यावं की ॲडमंट?

परभणीकर_गेमर
लातूर-नांदेडच्या पोरांसोबत पोकेमॉन डबल्स (दोन विरुद्ध दोन) सुरू करतोय, लेव्हल ५०. गारचॉम्पला अटॅक आणि स्पीडमध्ये २५२-२५२ ईव्ही (आकडे वाढवायचे पॉइंट) दिलेत, नेचर (एक आकडा वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) ठरंना. जॉलीत स्पीड १६९, अटॅक १८२. ॲडमंटमध्ये स्पीड १५४, अटॅक २००. टेलविंड (काही टर्न आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट करणारी चाल) लावायला सोबत व्हिम्सिकॉट आहे. काय घ्यावं?

बालाघाट
टेलविंड आहे तर ॲडमंट. स्पीड दुप्पट होऊन १५४ चे ३०८ होतात. स्कार्फ (स्पीड वाढवणारी वस्तू) किंवा बूस्ट नसेल तर सगळ्यात वेगवान रेजीएलेकीसुद्धा २७७ च्या वर जात नाही, मग जॉलीचे ते १५ पॉइंट नुसते पडून राहतात. व्हिम्सिकॉटला प्रँकस्टर (बिनमाराच्या चाली आधी खेळवणारी क्षमता) असेल तर टेलविंड आधी लागतं आणि आठव्या जनरेशनपासून त्याच टर्नला खेळायचा क्रम बदलतो, म्हणजे गारचॉम्पला लगेच फायदा.

पण अटॅक वाढला म्हणून लगेच जिंकलो असं नाही. प्रत्येक माराचा आकडा ८५ ते १०० टक्क्यांत कुठंही पडतो. समजा जॉलीनं समोरच्याची ४७ ते ५५ टक्के एचपी (जीव) जाते. दोन मारांत तो पडेलच याची खात्री नाही. ॲडमंटनं तेच ५१ ते ६० होतं, दोन मारांत नक्की पडतो. पण जॉलीनंच ५२ च्या वर जात असेल, तर ॲडमंटनंही दोनच मार लागणार, फरक शून्य. आधी तुमच्या लीगमधले नेहमीचे पाच-सहा पोकेमॉन डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा, मग नेचर ठरवा.

गोदाकाठ_नांदेड
मी जॉली म्हणेन. पहिल्या टर्नला व्हिम्सिकॉटवर फेक आउट (समोरच्याची त्या टर्नची चाल हुकवणारा मार) बसला की टेलविंड लागतच नाही, कारण फेक आउटची प्रायॉरिटी (जास्त असेल ती चाल आधी) +३ आणि प्रँकस्टरवाल्या टेलविंडची +१. मग उरतो कच्चा स्पीड. बेस (जातीचा मूळ) स्पीड १०० वाल्यांचा नेचरसह पूर्ण स्पीड १६७. सॅलमन्स, व्होल्करोना त्यातलेच. १५४ वर ते तुमच्या आधी खेळतात, १६९ वर तुमच्या मागे. समोरच्यानंही टेलविंड लावलं तर दोघांचं दुप्पट होऊन परत हेच गणित. शिवाय गारचॉम्पवर बर्फ चौपट लागतो, आधी खेळणं हाच त्याचा बचाव.

ॲडमंटच घेणार असाल तर स्पीडला २४४ ईव्ही पुरे, १५३ होतात. नेचरविना पूर्ण स्पीडचा बेस १०० वाला १५२ वर असतो, त्याच्या पुढं राहता. उरलेले ८ एचपीत टाका. ट्रिक रूमवाल्यांसमोर (त्यात हळू असेल तो आधी खेळतो) मात्र दोन्ही नेचर सारखेच, तुम्ही शेवटीच खेळणार.

परभणीकर_गेमर
लई कामाचं सांगितलं दोघांनी. होन्काई: स्टार रेल या गेममध्येही असाच हिशोब का?

बालाघाट
नाही, तिथं वेगानं टर्नच वाढतात. १०००० भागिले स्पीड, एवढ्या अंतरानं टर्न येतो. मेमरी ऑफ केऑस या तिथल्या आव्हानात पहिलं सायकल (वेळेचा टप्पा) १५० चं, पुढची १०० ची. १३४ स्पीडला पहिल्या सायकलमध्ये दोन टर्न बसतात, १३३ ला दुसरा १५०.४ वर जातो, म्हणजे हुकतोच. पात्राच्या बुटांत (घालायच्या साहित्यात) स्पीड २५ मिळतो की अटॅक ४३.२ टक्के, हा खरा प्रश्न. अटॅकचे टक्के एकमेकांत मिळवले जातात. आधीच १०० टक्के जादा असेल तर बुटांमुळं प्रत्यक्ष अटॅक २१.६ टक्केच वाढतो. त्यामुळं १३४ गाठता येत असेल तर स्पीडचे बूट, नाहीतर अटॅकचे.